‘यू’ म्हणजे तू की तुम्ही?

रिसोड तालुक्यातलं रिठद हे माझं गाव. वाशिम जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला, त्याच्या थोडं आधीची ही गोष्ट. तेव्हा आम्हाला इंग्रजी पाचवीपासून असायची. सरांनी फळ्यावर सर्वनामांचा तक्ता काढला: आय, वी, यू, ही, शी, इट, दे. घरी ‘मले’, ‘तुले’ बोलणारी आम्ही पोरं शाळेत ‘मला’, ‘तुला’ लिहायला कशीबशी शिकलो होतो, तोवर हे नवीनच. ‘यू’च्या पुढे सरांनी लिहिलं: तू, तुम्ही.

मी विचारलं, “सर, मंग आबाले काय म्हनाचं अन् लहान्या भावाले काय म्हनाचं?”

“दोघायलेही यू,” सर म्हणाले. वर्ग हसला.

आमच्या शेतात एक म्हातारे कामाला यायचे, आबांच्याच वयाचे. आबांना मी ‘तुम्ही’ म्हणायचो आणि त्यांना ‘तू’. तसं कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं, घरात सगळे तसंच बोलायचे. ते मात्र दहा वर्षांच्या मला ‘तुमी’ म्हणायचे. त्यामागे जात होती, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. सरांच्या तक्त्यात मात्र आबा आणि ते, दोघंही एकाच ‘यू’त बसत होते.

पुढे कॉलेजात इंग्रजीचा इतिहास वाचला आणि कळलं, की इंग्रजीतही हीच उतरंड होती. जुन्या इंग्रजीत एकाला ‘दाऊ’ आणि अनेकांना ‘यी’ म्हणत. ‘यू’ हे त्या ‘यी’चं कर्माच्या जागी येणारं रूप. तेराव्या-चौदाव्या शतकापासून एकट्या मोठ्या माणसालाही मान म्हणून अनेकवचन लावू लागले, अगदी आपल्या ‘तुम्ही’सारखं. ‘दाऊ’ उरलं जवळच्यांसाठी, हाताखालच्यांसाठी आणि देवासाठी. आपण विठ्ठलाला ‘तू’ म्हणतो, तसंच. प्रार्थनेत येतो म्हणून हा शब्द आज भारदस्त वाटतो, पण मुळात तो ‘तू’च आहे.

हा शब्द माणसाला टोचायलाही वापरत. १६०३ साली सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक यांनी भर न्यायालयात त्याला मुद्दाम ‘दाऊ’ म्हणून हिणवलं. पुढे त्याच शतकात क्वेकर पंथाच्या लोकांनी ठरवलं, की देवापुढे सगळे सारखे, तर सगळ्यांना ‘दाऊ’च म्हणायचं. समोर न्यायाधीश असला तरी. त्यासाठी त्यांनी अपमान आणि मार सोसला.

पण भाषा दुसऱ्या वाटेनं गेली. समोरच्याचा मान राखण्यात चूक नको, म्हणून लोक कुणालाही ‘यू’च म्हणू लागले आणि रोजच्या प्रमाण इंग्रजीतून ‘दाऊ’ गळून पडलं. म्हणजे सगळे ‘तू’ झाले नाहीत, सगळे ‘तुम्ही’ झाले. त्याची खूण अजून शिल्लक आहे: समोर एकच माणूस असला, तरी आपण ‘यू आर’ म्हणतो, ‘यू इज’ नाही.

मराठी व्याकरणावरही इंग्रजीची छाप पडली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली आलं. त्या शतकात मराठीचं व्याकरण मांडणाऱ्यांसमोर संस्कृतबरोबर इंग्रजीची चौकटही होती. संस्कृतात ‘प्रथम पुरुष’ म्हणजे ‘तो’ आणि ‘मी’ म्हणजे ‘उत्तम पुरुष’. आपल्या शाळेत मात्र इंग्रजीच्या गणतीप्रमाणे ‘मी’ हाच प्रथम पुरुष. पुरुषवाचक, दर्शक, संबंधी, प्रश्नार्थक, अनिश्चित, आत्मवाचक असे सहा प्रकार आपण पाठ करतो. इंग्रजीची पुस्तकं मालकी दाखवणारी, परस्परवाचक वगैरे आणखी काही प्रकार वेगळे काढतात.

पण एक गोष्ट त्या तक्त्यात मावत नाही. इंग्रजी ‘वी’ला मराठीत दोन शब्द आहेत. ‘आम्ही जेवायला चाललो’ म्हटलं, की ऐकणारा मागे राहिला. ‘आपण जेवायला चाललो’ म्हटलं, की तोही सोबत आला. तेलुगूतही ‘मेमु’ आणि ‘मनमु’ असा हाच भेद आहे. द्राविडी भाषांच्या शेजारामुळे तो मराठीत आला असावा, असं अनेक अभ्यासक मानतात.

२६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलेल्या आपल्या संविधानाची उद्देशिका ‘वी’नं सुरू होते आणि तिच्या शेवटाकडे ‘अवरसेल्व्ह्ज’ हे आत्मवाचक सर्वनाम येतं. देणारे आम्ही, घेणारेही आम्हीच. मराठी अनुवादात सुरुवातीला ‘आम्ही’ आहे. लहानपणी शाळेत ते म्हणताना मला कधी प्रश्न पडला नव्हता, की या ‘आम्ही’त शेतावरचे ते म्हातारे माझ्याशेजारी उभे आहेत का.

बारावीनंतर सुट्टीत गावी आलो, तेव्हा ते धुऱ्यावर बसले होते. मी पहिल्यांदा म्हणालो, “तुम्ही जेवले का?” त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. मग ते माझ्याकडे बघत राहिले आणि थोड्या वेळानं म्हणाले, “नाही अजून.”

मी डबा उघडला. म्हणालो, “चला, आपण जेवू.”