दोंदे, दिलीप

भारतीय नौदलाचे निवृत्त कॅप्टन. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारे पहिले भारतीय आणि त्या प्रवासावरील ‘द फर्स्ट इंडियन’ या इंग्रजी पुस्तकाचे लेखक. १९ ऑगस्ट २००९ रोजी ते मुंबईहून निघाले. २२ मे २०१० रोजी मुंबईतच त्यांचे स्वागत झाले. या २७६ दिवसांतले १५७ दिवस त्यांनी समुद्रावर काढले.

‘सागर परिक्रमा’ या मोहिमेची कल्पना व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांची. निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत राहणाऱ्या या दर्यावर्दीला एक गोष्ट सलत होती. ‘तृष्णा’ नौकेने १९८५-८७ मध्ये भारतीयांची पहिली पृथ्वीप्रदक्षिणा केली; पण ती सेनादलाच्या तुकडीची होती आणि नौकाही परदेशात बांधलेली होती. आता माणूस एकटा असावा आणि नौका इथलीच असावी, असा आवटींचा आग्रह होता. एप्रिल २००६ मध्ये दोंदे यांनी या कामासाठी स्वतःहून नाव दिले. ते मूळचे डायव्हिंग शाखेतले अधिकारी. महासागर एकट्याने ओलांडण्याचा अनुभव तेव्हा त्यांच्या गाठीशी नव्हता.

ते शिक्षण त्यांना सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे मिळाले. नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये कुठेही न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणा केली, तसे करणारे ते पहिलेच. त्यांची ३२ फुटी ‘सुहेली’ मुंबईत, सागवानी लाकडात बांधलेली होती, हे मुंबईकरांनी आवर्जून ध्यानात ठेवावे. २००६ मध्ये ते पुन्हा एका जगप्रदक्षिणेच्या शर्यतीची तयारी करत होते, तेव्हा दोंदे त्यांच्या हाताखाली राबले.

दोंदे यांचे खरे मोठेपण मात्र नौकाबांधणीच्या वर्षांत दिसते. गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटी नौका बांधायला घेतली गेली. आराखडा नेदरलँड्सच्या व्हान द स्टाट यांचा. रेड सीडरच्या लांब, अरुंद पट्ट्या एकीला एक चिकटवत सांगाडा भरायचा आणि आतून-बाहेरून काचतंतू व इपॉक्सीचे थर चढवायचे, अशी ही पद्धत. शीड, डोलकाठी, सुकाणू यांतले काय कुठे आणि कसे बसवले आहे, हे दोंदे बांधणीपासूनच पाहत होते. भर समुद्रात काही मोडले तर दुरुस्तीला दुसरा माणूस नव्हता! फेब्रुवारी २००९ मध्ये नौका नौदलात दाखल झाली. मांडवीचे वरच्या अंगाचे नाव तिला मिळाले: ‘म्हादई’. मग मॉरिशसची सफर झाली. तिथून परतताना दोंदे प्रथमच एकटे होते.

अशा प्रदक्षिणेचे नियम कडक असतात. वाऱ्याखेरीज दुसऱ्या शक्तीवर पुढे जायचे नाही, कालव्यातून वाट काढायची नाही, विषुववृत्त किमान दोनदा ओलांडायचे आणि निदान २१,६०० सागरी मैल कापायचे. दोंदे यांनी पूर्वेची दिशा धरली. फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅनली आणि केपटाउन हे चारच थांबे घेतले. त्यांतला कसोटीचा टप्पा न्यूझीलंड ते फॉकलंड बेटे. हजारो मैल जमीन नाही, पश्चिमी वारे अखंड ढकलत राहतात आणि वाटेत ५६ अंश दक्षिणेला केप हॉर्न. एकट्या खलाशाला सलग झोपही घेता येत नाही. थोडी डुलकी काढायची, उठून क्षितिजावर जहाज दिसते का, वारा फिरला का ते पाहायचे आणि पुन्हा आडवे व्हायचे. जानेवारी २०१० मध्ये त्यांनी हॉर्नला वळसा घातला.

या पराक्रमाबद्दल त्यांना शौर्यचक्र मिळाले. १८९५-९८ मध्ये पहिली एकल प्रदक्षिणा करणाऱ्या जोशुआ स्लोकम यांनी स्वतःच आपला प्रवास लिहिला, तेव्हापासून एकट्याने फिरणारे खलाशी लिहीतही आले आहेत. त्या परंपरेत दोंदे यांचे पुस्तक मानाने बसते. परिक्रमेची जडणघडण खुद्द करणाऱ्याच्या तोंडून ऐकायची, तर ते वाचायलाच हवे.

किनाऱ्यावरून त्यांना साहाय्य करणारे अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये याच म्हादईतून न थांबता प्रदक्षिणा केली. वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखालील सहा महिला अधिकाऱ्यांना दोंदे यांनी शिकवले. दांडेकरांच्याच कारखान्यात बांधलेल्या ‘तारिणी’तून त्या २०१७-१८ मध्ये जग फिरून आल्या. २०२४-२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी त्याच तारिणीतून गोवा ते गोवा परिक्रमा केली. फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅनली आणि केपटाउन ही चारही बंदरे त्यांच्याही वाटेवर होती.