मेणवलीचा वाडा

नाना फडणिसांचें नांव निघालें कीं पुणें डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु ज्याला नानांचें घर म्हणावें तें घर पुण्यांत नाहीं. तें वाईजवळ कृष्णेच्या कांठीं, मेणवली या लहानशा गांवीं आहे.

पानिपतच्या मोहिमेंत नाना गेले तेव्हां त्यांचें वय एकोणीस वर्षांचेंही नव्हतें. बरोबर आई व पत्नी होत्या. १७६१ च्या त्या संहारांतून पत्नी परतली. आई परतली नाहीं. पुढें सात वर्षांनीं, १७६८ सालीं, भवानराव प्रतिनिधींकडून मेणवलीची जमीन मिळाली आणि नानांनीं तेथें वाडा, घाट व देवळें उभारलीं.

वाडा सहा चौकांचा आहे. बाहेर बुरुजांचा तट, खालीं दगडी जोतें, वर सागवानी खांब व तुळया, आणि मध्यें जाड भिंती. अशा घराचा सारा भार लांकडी सांगाडा पेलतो. भिंतीकडे मुख्यतः आडोशाचें व गारव्याचें काम. बाहेरच्या बाजूस खिडक्या थोड्या, म्हणून उजेड व वारा हीं दोन्हीं चौकांतूनच यावयाचीं. दिंडींतून वांकून आंत शिरलेला परका मनुष्य पहिल्या चौकापाशींच थांबे; त्यापुढें आप्तेष्ट, त्याहीपुढें बायकांचा वावर. भिंतींवर पौराणिक चित्रें आहेत. मुत्सद्द्याच्या घरांत दिमाखापेक्षां आडपडदा अधिक असावा हें स्वाभाविकच होय!

मागच्या बाजूस चंद्रकोरीच्या आकाराचा घाट व मेणेश्वराचें देऊळ आहे. तेथील मोठी घंटा मात्र ख्रिस्ती देवळांतील. चिमाजी आप्पांनीं १७३९ त वसई जिंकली, त्या विजयाची ती खूण. मेरीची आकृती अंगावर वागवीत ती शिवालयाच्या आवारांत टांगलेली आहे, आणि गांवास त्यांत कांहीं वावगें वाटलेलें दिसत नाहीं.

घर बांधणाऱ्यास घराचें सुख फारसें लाभलें नाहीं. १७९६ च्या गादीच्या तंट्यांत नाना पुणें सोडून साताऱ्यास व वाईकडे आले. पण तेथेंही निर्धास्तपणा नव्हता, म्हणून घाट उतरून महाडास गेले. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस शिंद्यांच्या कैदेंत पडले. सुटून आले, आणि १३ मार्च १८०० रोजीं पुण्यांत वारले. पोटीं पुत्र नव्हता. मागें राहिलेली जिऊबाई केवळ नऊ वर्षांची पोर! नानांच्या संपत्तीवर ज्यांचा डोळा होता त्यांच्यापासून तिला हे सहा चौक वांचवूं शकले नाहींत. तिला लोहगडाचा आश्रय घ्यावा लागला. १८०४ त जनरल वेलस्लीच्या मध्यस्थीनें तिला वार्षिक बारा हजारांची नेमणूक मिळून ती पनवेलीस गेली, आणि पुढें पेशवाई बुडाल्यावर मेणवलीस येऊन राहिली.

वाड्यानें जपलें तें निराळेंच. नानांचे मोडी कागद येथें बांधून ठेवलेले होते. राज्य गेलें, फड मोडला, तरी रुमाल शाबूत राहिले. रावबहादुर पारसनिसांनीं त्यांचें मोल ओळखलें. ते कागद साताऱ्यास त्यांच्या संग्रहांत गेले, आणि १९३९ त तो संग्रह पुण्यास डेक्कन कॉलेजांत आला. ज्या पुण्याच्या राजकारणांतून ते निर्माण झाले तेथेंच ते परतले; अभ्यासक त्यांना अजूनही मेणवली दप्तर याच नांवानें ओळखतात.