बर्फ वितळला, नियम उरले : डडिंग्स्टनच्या कर्लिंग मंडळाचा इतिहास

१/ हिवाळी ऑलिंपिकमध्ये एक खेळाडू बर्फावरून जड दगड सोडतो आणि त्याचे दोन सोबती दगडापुढे झाडू घासत धावतात. हा खेळ म्हणजे कर्लिंग. त्याच्या जागतिक नियमांचे मूळ स्कॉटलंडमधील एका तळ्याकाठच्या मंडळात आहे. त्या मंडळाचा हा इतिहास. 🧵

२/ खेळाचे तत्त्व कॅरम खेळणाऱ्यास सहज उमगेल. आपला दगड वर्तुळाच्या केंद्राजवळ न्यायचा, प्रतिपक्षाचा बाहेर उडवायचा. एका दगडाचे वजन २० किलोपर्यंत असते. झाडू घासल्याने घर्षण घटते. दगड अधिक दूर जातो आणि त्याची वाट कमी वळते.

३/ खेळ जुना आहे. स्टर्लिंगच्या संग्रहालयातील एका दगडावर १५११ हे साल कोरलेले आहे. १५४१ मध्ये पेझ्ली येथील एका नोटरीने लॅटिनमध्ये एका आव्हानाची नोंद केली : मठातील एक साधू आणि मठाधिपतीचा एक नातलग यांच्यात बर्फावर दगड टाकण्याची स्पर्धा ठरली होती.

४/ कडाक्याच्या थंडीत जमीन गोठे, नांगर थांबे आणि शेतकऱ्याच्या हाताला काम उरत नसे. मग एका गावाने शेजारच्या गावाला आव्हान द्यायचे. पैज साधी असे : हरणाऱ्याने जेवण द्यायचे किंवा गरिबांसाठी धान्य. जमीनदार, पाद्री, विणकर, सारे एकाच बर्फावर उतरत.

५/ अडचण पुढेच होती. प्रत्येक गावाची रीत निराळी. कुठे एका बाजूला आठ गडी आणि प्रत्येकी एक दगड, तर कुठे चार गडी आणि प्रत्येकी दोन. दगड नदीतून उचललेले, वेडेवाकडे. 'जुबिली स्टोन' नावाचा एक तर सुमारे ५३ किलोंचा! अशा स्थितीत न्याय कोणत्या मापाने करायचा?

६/ गावोगावी मंडळे उभी राहू लागली होती. किल्सिथ या गावचे मंडळ आपली स्थापना १७१६ सालची सांगते आणि सर्वांत जुने असल्याचा मान मागते. परंतु नियमांच्या इतिहासात निर्णायक ठरले ते १७९५ मध्ये स्थापन झालेले मंडळ : डडिंग्स्टन कर्लिंग सोसायटी.

७/ एडिंबरोला लागून असलेल्या आर्थर्स सीट या टेकडीच्या पायथ्याशी डडिंग्स्टनचे तळे आहे. अठराव्या शतकात शहरातील नॉर लॉख हे तळे उपसण्यास सुरुवात झाली. त्यामुळे बर्फाच्या शोधात शहराबाहेर पडणे भाग होते. या मंडळात प्रामुख्याने शहरातील प्रतिष्ठित, शिकलेली माणसे होती.

८/ कागदपत्रांची सवय असलेल्या या मंडळींनी १८०४ मध्ये खेळाचे नियम लेखी स्वरूपात स्वीकारले. नियम होते फक्त आपल्या सभासदांसाठी. त्या काळचे नियम किती व्यवहारी असत पाहा : खेळताना दगड फुटला, तर त्याचा सर्वांत मोठा तुकडा हिशेबात धरावा!

९/ १८११ मध्ये याच मंडळाचे एक सभासद, रेव्हरंड जॉन रॅम्से यांनी कर्लिंगवर पुस्तक लिहिले. केवळ या खेळाला वाहिलेले ते पहिले पुस्तक मानले जाते. तोंडी चालत आलेली रीत आता छापील झाली आणि दूरच्या गावांनाही ती वाचता येऊ लागली.

१०/ १८२५ मध्ये तळ्याकाठी वास्तुविशारद विल्यम प्लेफेअर यांच्या आराखड्यानुसार अष्टकोनी मनोरा उभा राहिला. खालच्या खोलीत मंडळाचे दगड ठेवले जात. वरच्या खोलीत गावचे पाद्री आणि निसर्गचित्रकार जॉन थॉमसन चित्रे रंगवीत. खेळ, धर्म आणि कला एका छपराखाली!

११/ १८३८ मध्ये एका वृत्तपत्रात निनावी जाहिरात आली : कर्लिंग मंडळांनी एडिंबरोच्या वॉटर्लू हॉटेलात जमावे. २५ जुलैच्या सभेत 'ग्रँड कॅलेडोनियन कर्लिंग क्लब' ही मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. तिने आपल्या नियमांसाठी डडिंग्स्टनच्या नियमांचा पाया घेतला.

१२/ १८४२ मध्ये राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट स्कून राजवाड्यात उतरले असता गुळगुळीत लाकडी फरशीवर त्यांना हा खेळ दाखवण्यात आला. पुढच्याच वर्षी संस्थेच्या नावात 'रॉयल' हा शब्द आला.

१३/ स्कॉटिश माणूस परदेशी गेला की खेळही सोबत जाई. माँट्रियलच्या स्कॉटिश व्यापाऱ्यांनी १८०७ मध्येच मंडळ काढून गोठलेल्या सेंट लॉरेन्स नदीवर डाव मांडला होता. आज कर्लिंगचे सर्वाधिक खेळाडू कॅनडात आहेत. खेळ पसरला तसे एकसमान नियमांचे मोल वाढत गेले.

१४/ स्कॉटलंडचा बर्फ मात्र बेभरवशाचा. मध्यवर्ती संस्थेचे पहिले अध्यक्ष जॉन केर्नी यांनी उथळ कृत्रिम तळ्यांचा पुरस्कार केला. थोडे पाणी लवकर गोठते. विसाव्या शतकात यंत्राने गोठवलेली बंदिस्त मैदाने आली आणि खेळ हवामानाच्या लहरीतून सुटला.

१५/ उघड्या तळ्यावर उत्तर आणि दक्षिण स्कॉटलंडमध्ये होणारा 'ग्रँड मॅच' हा महासामना शेवटचा झाला तो ७ फेब्रुवारी १९७९ रोजी, लेक ऑफ मेंटीथवर. २०१० मध्ये पुन्हा बेत आखला गेला. परंतु सुरक्षेच्या कारणावरून तो रद्द झाला. हिवाळे उबदार होत असताना असा बर्फ दुर्मीळ होत चालला आहे.

१६/ ज्या तळ्यांनी खेळ जन्माला घातला, ती आता त्याला आधार देऊ शकत नाहीत. तरी खेळ जिवंत आहे. सरकत्या दगडाला चुकून पाय लागला, तर खेळाडूने ते स्वतःहून सांगावे, हा संकेत आजही पाळला जातो. सामना संपला की एकत्र बसण्याची रीतही टिकून आहे.

१७/ बर्फ निसर्गाच्या हाती होता. परस्परविश्वास मंडळांनी घडवला. रात्री एकाच मेजावर जेवायला बसणाऱ्या शेजाऱ्यांत भांडण होऊ नये, म्हणून लिहिलेली काही कलमे कालांतराने ऑलिंपिकपर्यंत पोहोचली. डडिंग्स्टनच्या तळ्याकाठी तो अष्टकोनी मनोरा आजही उभा आहे.