नॉर्वे कुठे गेला?

'चूक की बरोबर ते लिहा' हा प्रश्नपत्रिकेतला सर्वांत सोपा प्रश्न. उत्तरे दोनच. एखाद्या मुलाने 'बरोबर'ऐवजी 'होय' लिहिले किंवा नुसतीच खूण केली, तरी तपासणाऱ्याला अर्थ कळतो. संगणकाला मात्र हे आधी सांगून ठेवावे लागते, आणि या सांगण्यात बरेच घोळ झाले आहेत.

दोन मूल्यांच्या या गणिताला जॉर्ज बूलचे नाव आहे. बूल (१८१५-१८६४) शिक्षकच होता. वयाच्या १९व्या वर्षी त्याने इंग्लंडमधील लिंकन गावी स्वतःची शाळा काढली. विचारांच्या नियमांवर त्याचा ग्रंथ १८५४ साली निघाला. त्यात एक मजेदार समीकरण आहे : क्ष × क्ष = क्ष. वस्तूंच्या ढिगातून पांढऱ्या वस्तू निवडा. निवडलेल्यांतून पुन्हा पांढऱ्या निवडा. हाती तेच येते! आकड्यांमध्ये ही अट पाळणारे दोनच, ० आणि १. (फळ्यावर मुलांकडून २, ३, अर्धा असे घालून पाहावे. चांगली मजा येते.) बूलच्या लेखी १ म्हणजे 'सर्व काही' आणि ० म्हणजे 'काहीच नाही'.

क्लॉड शॅननने १९३७ साली एमआयटीतील आपल्या प्रबंधात हेच बीजगणित विजेच्या मंडलांना लावले. गंमत अशी, की त्याने प्रवाहाला होणारा अडथळा मोजला. म्हणून त्याच्या मांडणीत प्रवाह वाहतो तेव्हा ० आणि तुटतो तेव्हा १! गणित बिघडले नाही, कारण त्याने अर्थ आधीच स्पष्ट केला होता.

पुढे असे अनेक संकेत शेजारी शेजारी राहू लागले. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल प्रयोगशाळेत घडलेल्या 'सी' भाषेत 'खरे-खोटे' असा वेगळा प्रकारच नव्हता. शून्य म्हणजे खोटे, बाकी कोणताही आकडा खरा. त्याच प्रयोगशाळेतल्या युनिक्समध्ये मात्र काम फत्ते झाले की प्रोग्रॅम ० कळवतो आणि फसले की दुसरा आकडा. यामागचे कारण पटण्यासारखे आहे : यश एकाच प्रकारचे, अपयशाची कारणे अनेक, म्हणून त्यांना आकडेही अनेक हवेत.

खरी पंचाईत झाली ती अक्षरांनी. प्रोग्रॅमने कसे वागावे हे सांगणारी सेटिंगची फाईल माणूस लिहितो, आणि माणूस ०-१ लिहीत नाही. तो 'यस', 'ऑन', 'ट्रू' असे लिहितो. कित्येक भाषांत रिकामा मजकूर तेवढा खोटा आणि अक्षरे असलेला कोणताही मजकूर खरा मानतात. मग चुका शोधण्यासाठीची तपशीलवार नोंद बंद करावी म्हणून कोणी 'फॉल्स' लिहिले, आणि प्रोग्रॅमने त्या मजकुराचा अर्थच लावला नाही, तर नोंद चालूच राहते. आतली माहिती परक्यांना दिसू शकते. आपण मराठीत 'नाही' लिहिले तरी तो होकारच!

२००१ साली पुढे आलेल्या 'यॅमल' या लेखनपद्धतीने उलट टोक गाठले. तिच्या २००५च्या १.१ आवृत्तीने 'हो-नाही'ची लहान-मोठ्या अक्षरांसह २२ रूपे मान्य केली. हेतू चांगला होता : लिहिणाऱ्याला अडायला नको. पण देशांना दोन रोमन अक्षरांचे आंतरराष्ट्रीय संकेत आहेत. भारताचा आय-एन, स्वीडनचा एस-ई आणि नॉर्वेचा एन-ओ. तीच अक्षरे 'नो' या इंग्रजी शब्दाची. देशांची यादी लिहिली, की वाचणाऱ्या प्रोग्रॅमला भारत मिळे, स्वीडन मिळे आणि नॉर्वेच्या जागी 'खोटे' हे मूल्य! यादी लिहिणाऱ्याचे काहीच चुकलेले नसे. संगणकाच्या जगात हा घोळ 'नॉर्वे प्रॉब्लेम' म्हणून ओळखला जातो.

२००९च्या १.२ आवृत्तीने 'यस-नो' आणि 'ऑन-ऑफ' वगळून 'ट्रू-फॉल्स' एवढेच ठेवले. २०१३ साली आलेल्या 'टॉमल' पद्धतीत तर हे शब्द लहान लिपीतच लिहावे लागतात. मला हा कडकपणा योग्य वाटतो. चुकीचे लिहिले तर निदान तिथल्या तिथे तक्रार येते. पण जुन्या फाईली एका दिवसात बदलत नाहीत, आणि जुने नियम पाळणारे वाचक-प्रोग्रॅम आजही वापरात आहेत. त्यामुळे जाणकार मंडळी नॉर्वेचा संकेत न विसरता अवतरणचिन्हांत लिहितात.