काडेपेटी, गोळी आणि जबडा

ठिसूळ हाडांचा इतिहास शोधताना मी येऊन थांबलो तो काडेपेटीपाशी. १८४५ साली व्हिएन्नाचे डॉक्टर लोरिन्सर यांनी काड्यांच्या कारखान्यातील कामगारांच्या जबड्याचा एक विचित्र आजार नोंदवला. पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेत दिवस काढणाऱ्यांचा दात दुखे, तो काढला की जखम भरत नसे आणि हिरडीखालचे मेलेले हाड उघडे पडे. १९०६च्या बर्न करारानंतर हा फॉस्फरस हद्दपार होऊ लागला. हिंदुस्थानात त्यावर १९१३चा कायदा आला. आजार विस्मृतीत गेला.

२००३मध्ये मायामीचे शल्यविशारद रॉबर्ट मार्क्स यांनी ३६ रुग्णांचे असेच उघडे पडलेले जबडे नोंदवले. यांतले बहुतेक कर्करोगाचे रुग्ण होते आणि त्यांना बिस्फॉस्फोनेटची इंजेक्शने चालू होती. याच कुळातील अलेंड्रोनेटची गोळी १९९५पासून अमेरिकेत ऑस्टिओपोरोसिससाठी दिली जात होती. काड्यांच्या कामगारांच्या शरीरातही फॉस्फरसपासून असेच काही तयार होत असावे, असा तर्क पुढे मार्क्स यांनीच मांडला. तर्कच तो, पण मला मोह पाडणारा.

हे औषध हाड पोखरणाऱ्या पेशींना आवरते. खुब्याचे हाड मोडण्यापासून वाचते ते त्यामुळेच. मात्र ब्रोनेमार्क यांनी १९६५मध्ये स्वीडनमध्ये माणसाच्या जबड्यात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू हाडाशी एकजीव होतो तो जुने हाड पोखरले जाऊन नवे भरले जाते म्हणून. कमी पडलेल्या जागी भरलेले हाड, मग ते रुग्णाच्याच कमरेचे असो वा प्रक्रिया केलेले गाईचे, पहाडासारखा आधार देते. त्याचीही मदार याच पोखरणीवर. जबड्यात तर ही उलाढाल फार वेगाने चालते, आणि वर पांघरूण केवढे? पातळशी हिरडी.

म्हणून ‘हाडे ठिसूळ आहेत, इम्प्लांट नकोच’ हा आपल्याकडचा सरसकट सल्ला मला पटत नाही. विरळ हाडात स्क्रूची पकड सैल असते. दात चढवण्याआधी थोडे जास्त थांबावे लागते, इतकेच. खरी चौकशी करायची ती औषधाची: गोळी की इंजेक्शन, किती वर्षे, कशासाठी. ठिसूळपणासाठीच्या गोळीने जबडा बिघडणे क्वचितच. कर्करोगातील मोठ्या मात्रेच्या इंजेक्शनांत धोका कितीतरी जास्त. ही चौकशी दात काढण्याआधीही व्हायला हवी. आणि भीतीपोटी औषध परस्पर बंद करू नये. सहा महिन्यांनी घ्यायचे डेनोसुमॅबचे इंजेक्शन चुकले, तर थोपवलेली झीज उसळून येते आणि पाठीचे मणके एकामागून एक दबल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत.