माळवदापासून महामार्गापर्यंत

लातूर-नांदेड पट्ट्यातल्या डोक्याच्या दुखापतींचा इतिहास दवाखान्यांच्या नोंदींत शोधला, तर तो अर्धाच सापडतो. उरलेला घरांच्या बांधणीत आणि रस्त्यांवर शोधावा लागतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. एवढ्या ताकदीचे धक्के जगात दरवर्षी शंभराहून अधिक बसतात. इथे मात्र बळींचा आकडा दहा हजारांच्या घरात गेला. त्याचं मोठं कारण माळवदाची घरं. मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती, वर लाकूड आणि माती. गळू नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर त्यावर आणखी माती टाकायची. वर्षानुवर्षं छत जड होत गेलं. ते ओझं आणि भिंतींचे धोंडे झोपलेल्या माणसांवर कोसळले.

यावर कुणी म्हणेल, खरी उणीव उपचारांची होती. ती होतीच. नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ चं, लातूरची शासकीय संस्था तर २००२ ची. पण मेंदूला इजा दोन टप्प्यांत होते. आघाताच्या क्षणी जे चिरडलं जातं, ते कुठलाही सर्जन पूर्ववत करू शकत नाही. त्याची लढाई नंतरच्या रक्तस्रावाशी, सुजेशी आणि प्राणवायूच्या तुटवड्याशी असते. कवटीखाली रक्त साठणारा रुग्ण आधी नीट बोलतोही. नातेवाईक निर्धास्त होतात. काही तासांनी उलट्या, गुंगी, एक बाहुली मोठी. तेव्हा सीटी स्कॅन साठ-सत्तर किलोमीटरवर असेल, तर निकाल वाटेतच लागतो.

आज माळवदाची जागा दुचाकीने घेतली आहे आणि दोष चालकाच्या बेफिकिरीला दिला जातो. बेफिकिरी नाकारता येत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातच हेल्मेटची सक्ती आहे. पण माळवदंही लोकांनी स्वतःच बांधली होती, तरी भूकंपानंतर त्यांना दोष देऊन सरकार थांबलं नाही. बावन्न गावं नव्या जागी वसवली, भूकंपरोधक घरं उभी केली. तोच न्याय रस्त्याला लावायला हवा. मेंदूच्या उपचारांची सोय मोजताना खाटांबरोबरच किती डोक्यांवर हेल्मेट आहे आणि तालुक्याहून सीटी स्कॅनपर्यंत पोचायला किती वेळ लागतो, हेही जिल्ह्याने मोजलंच पाहिजे.