शालेय शिक्षणातील पालक-सहभाग

शालेय शिक्षणातील पालक-सहभाग : मुलाच्या शिकण्याला घरी आधार देणे, त्याच्या प्रगतीविषयी शिक्षकांशी नियमित संवाद ठेवणे आणि शाळेचे नियोजन, खर्च व कारभार यांत कायद्याने किंवा प्रथेने मिळालेला वाटा उचलणे, या तिन्ही गोष्टींना मिळून पालक-सहभाग असे म्हणतात. ‘पालक’ या संज्ञेत जन्मदात्या, सावत्र व दत्तक आई-वडिलांबरोबरच ज्यांच्याकडे मुलाचा ताबा व सांभाळ आहे अशा आजी-आजोबांचा, अन्य नातेवाइकांचा आणि कायदेशीर पालनकर्त्यांचाही समावेश होतो. प्रस्तुत नोंदीत या विषयाचा विचार मुख्यतः महाराष्ट्राच्या संदर्भात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

पालक आणि शाळा यांचा संबंध भारतीय कायद्यात प्रथम आला तो कर्तव्य आणि दंड या रूपाने. बडोदा संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली ही सक्ती संपूर्ण संस्थानाला लागू केली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली केंद्रीय विधिमंडळात मांडलेले प्राथमिक शिक्षणाचे विधेयक पुढील वर्षी फेटाळले गेले. मात्र कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दरमहा १ रुपया दंडाची तरतूद केली. शेतीची कामे, गुरे राखणे आणि धाकट्या भावंडांना सांभाळणे यांसाठी मुलांचे हात घरात लागत असल्याने पालक आपणहून त्यांना शाळेत धाडणार नाहीत, अशी धारणा या सक्तीमागे होती. शाळा कशी चालावी याविषयी पालकांचे मत विचारण्याची सोय त्या काळच्या कायद्यांत नव्हती.

पालकांना दोष न देता शाळाच त्यांच्या दाराशी नेण्याचा विचार ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कार्यात दिसतो. ताराबाईंनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील (आताचा पालघर जिल्हा) बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ पासून हे कार्य कोसबाड येथे विस्तारले. आदिवासी वस्तीतील अंगणात भरणारी अंगणवाडी आणि गुराखी मुलांसाठी कुरणात भरणारी कुरणशाळा हे त्यांचे प्रयोग कुटुंबाच्या श्रमाचे वेळापत्रक गृहीत धरून आखलेले होते. पालकांच्या प्रबोधनाचे काम मराठीत नियतकालिकांनीही केले असून पुण्याहून १९८७ साली सुरू झालेले ‘पालकनीती’ हे मासिक त्याचे ठळक उदाहरण होय.

स्वातंत्र्योत्तर काळात ७३व्या घटनादुरुस्तीने (१९९२) प्राथमिक व माध्यमिक शाळांचा विषय पंचायतींकडे सोपवता येण्याजोग्या विषयांच्या यादीत घातला आणि पुढे सर्व शिक्षा अभियानाच्या काळात ग्राम शिक्षण समित्यांना महत्त्व आले. या समित्या गावाच्या होत्या. त्यांत शाळेत प्रत्यक्ष शिकणाऱ्या मुलांच्या पालकांचे बहुमत असेलच असे नव्हते. २००२ सालच्या ८६व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क अन्वये ६ ते १४ वयोगटासाठी शिक्षण हा मूलभूत हक्क ठरवला आणि त्याच वेळी अनुच्छेद ५१-क (ट) अन्वये या वयातील मुलांना शिक्षणाची संधी देणे हे पालकांचे मूलभूत कर्तव्य म्हणून नोंदवले. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ (यापुढे ‘शिक्षणहक्क कायदा’) १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला आणि शाळेच्या व्यवस्थापनात पालकांना प्रथमच वैधानिक बहुमत मिळाले.

सहभागाचे प्रकार

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जॉइस एप्स्टाइन यांनी पालक-सहभागाचे सहा प्रकार मांडले असून शिक्षणशास्त्रात ते सर्वत्र वापरले जातात : मुलाचे आरोग्य, झोप, आहार व सुरक्षितता यांची काळजी घेणारे पालकत्व, शाळा व घर यांच्यातील दुतर्फा संवाद, शाळेच्या कामात स्वयंसेवा, घरी शिकण्यास मदत, निर्णयप्रक्रियेतील वाटा, आणि गावातील किंवा वस्तीतील संस्थांशी सहकार्य. मराठी प्रदेशात यांपैकी स्वयंसेवेचा प्रकार जुना व परिचित आहे. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांना खोल्या, कुंपण, पाण्याची टाकी किंवा संगणक हे सर्व लोकवर्गणीतून आणि श्रमदानातून मिळालेले आहे. उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळा तर मुख्यतः पालक-स्वयंसेवकच चालवतात. मात्र वर्गणी व श्रम देणारा पालक आणि निर्णयात भाग घेणारा पालक यांत फरक असतो. पहिल्याकडून शाळेला साधने मिळतात, तर दुसऱ्यापुढे शाळेला आपल्या कामाचा हिशेब द्यावा लागतो.

शाळा व्यवस्थापन समिती

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शासकीय, स्थानिक प्राधिकरणाच्या व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती स्थापन करणे बंधनकारक आहे. विनाअनुदानित खासगी शाळांना हे कलम लागू नाही, आणि २०१२ च्या दुरुस्तीनुसार अल्पसंख्याकांच्या व अन्य सर्व अनुदानित शाळांत या समितीचे स्वरूप केवळ सल्लागाराचे असते. समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात, तसेच वंचित गट व दुर्बल घटक यांतील मुलांच्या पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व मिळावे, असे कायदा सांगतो. महाराष्ट्रात रूढ झालेल्या रचनेत सचिव वगळता १२ ते १६ सदस्य असतात. पालक-सदस्यांची निवड पालकसभेत होते. उर्वरित जागांवर स्थानिक प्राधिकरणाचा निवडून आलेला प्रतिनिधी, शिक्षक-प्रतिनिधी आणि स्थानिक शिक्षणतज्ज्ञ बसतात. अध्यक्ष पालकांमधूनच निवडला जातो, मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव असतात आणि समितीची दर दोन वर्षांनी पुनर्रचना होते.

समितीची मुख्य कामे तीन आहेत : शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे आणि मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे. शाळा विकास आराखडा म्हणजे तीन वर्षांचे नियोजन असून त्यात वर्गनिहाय अपेक्षित पटसंख्या, लागणारे शिक्षक, खोल्या, स्वच्छतागृहे, पाणी, साहित्य आणि त्यांसाठीचा वर्षवार खर्च यांचा अंदाज दिलेला असतो. कलम २२ नुसार शासनाच्या पुढील योजनांना व अनुदानांना हा आराखडा आधारभूत मानायचा असतो, म्हणून ज्या गरजेचा त्यात उल्लेखच नाही तिच्यासाठी पुढे निधी मागणे अवघड होते. समग्र शिक्षा योजनेतील संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येनुसार मिळते आणि त्यातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेच्या कामांवर खर्च करावी लागते. अशा रकमेचा जमाखर्च बैठकीत वाचून घेणे, पावत्या पाहणे आणि इतिवृत्तात, म्हणजे बैठकीच्या लेखी नोंदीत, आपले मत नोंदवून घेणे हा पालक-सदस्याच्या हातातील सर्वांत साधा पण परिणामकारक अधिकार आहे.

शालेय पोषण आहारावर देखरेख ठेवणे हेही समितीचे काम असून धान्याचा साठा, शिजवण्याची जागा आणि अन्नाची चव यांची पाहणी पालक करू शकतात. बीड व अहिल्यानगर यांसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडणीसाठी अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास स्थलांतर करतात आणि गाळप हंगाम संपल्यावर परततात. अशा वेळी मुले गावातच राहून शिकावीत यासाठी सुरू केलेली हंगामी वसतिगृहे शाळा व्यवस्थापन समित्यांमार्फत चालवली जातात. आई-वडील शेकडो किलोमीटर दूर असताना मुलाच्या जेवणाची व हजेरीची जबाबदारी गावातील इतर पालकांनी उचलणे, हा या समितीच्या कामाचा सर्वांत ठोस नमुना म्हणता येईल.

खासगी शाळा आणि पालक-शिक्षक संघ

खासगी शाळांत पालकांच्या सामूहिक सहभागाचा मुख्य आधार महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ हा आहे. त्यानुसार प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ असावा लागतो व विद्यार्थ्याचा पालक त्याचा सदस्य असतो. संघाच्या कार्यकारी समितीसाठी इच्छुक पालकांमधून सोडत काढून सदस्य निवडले जातात, जेणेकरून व्यवस्थापनाच्या मर्जीतील पालकांनीच समिती भरून जाऊ नये. मुख्याध्यापक या समितीचे अध्यक्ष व एक पालक उपाध्यक्ष असतो. शाळेने शुल्काचा प्रस्ताव व त्याला पूरक हिशेब या समितीपुढे ठेवायचे असतात, आणि समितीने ठरवलेले शुल्क व व्यवस्थापनाने मागितलेले शुल्क यांत १५ टक्क्यांहून अधिक तफावत असल्यास व्यवस्थापनाला विभागीय शुल्क नियामक समितीकडे दाद मागता येते. पुढील दुरुस्तीनुसार शुल्काविरुद्ध दाद मागण्यासाठी किमान २५ टक्के पालकांनी एकत्र येणे आवश्यक ठरले. त्यामुळे एकट्या पालकाला तक्रार पुढे नेणे कठीण झाले आणि पालकांच्या संघटनेचे महत्त्व वाढले.

शाळेच्या बसगाड्यांविषयीच्या राज्याच्या २०११ च्या नियमांनुसार स्थापन होणाऱ्या शालेय परिवहन समितीतही पालक-शिक्षक संघाला स्थान आहे. प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा पालकाची चाळणी लावण्यास शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १३ ने मनाई केली असल्याने पालकांचे शिक्षण, व्यवसाय किंवा इंग्रजीचे ज्ञान तपासणारी मुलाखत घेऊन प्रवेश नाकारता येत नाही.

पालकांचा संघटित दबाव शाळेपुरता मर्यादित राहतोच असे नाही. गोव्यात इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान मिळावे ही पालकांच्या एका गटाची मागणी २०११ साली शासनाने मान्य केली, तेव्हा मराठी व कोकणी माध्यमाच्या समर्थकांनी तिला तीव्र विरोध केला. पालकांचे हित सर्वत्र एकच असते हे गृहीतक अशा प्रसंगी टिकत नाही.

संवाद आणि घरचा आधार

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २४ नुसार पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती यांची माहिती देणे हे शिक्षकाचे वैधानिक कर्तव्य आहे. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले असून त्यात वर्षभराची निरीक्षणे, तोंडी काम, उपक्रम व छोट्या चाचण्या यांवर आधारलेले आकारिक मूल्यमापन आणि सत्राअखेरचे संकलित मूल्यमापन असे दोन भाग असतात. प्रगतिपत्रकातील श्रेणीपेक्षा वर्णनात्मक नोंदी पालकांना अधिक उपयोगी पडतात. कारण मूल जोडाक्षरे अडखळत वाचते की हातच्याची वजाबाकी चुकवते हे श्रेणीवरून कळत नाही. त्यामुळे पालकसभेत ‘अभ्यास कसा आहे’ या ढोबळ प्रश्नाऐवजी मुलाला नेमके काय येते, काय येत नाही आणि त्यासाठी शाळा व घर काय करणार, असे विचारणे इष्ट ठरते.

घरच्या आधारासाठी पालक साक्षर असलाच पाहिजे अशी अट नाही. पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याला, म्हणजे ज्याच्या घरात पूर्वी कोणी शाळेत गेलेले नाही अशा मुलाला, पालक धडा शिकवू शकत नसले तरी त्याच्याकडून रोज मोठ्याने वाचून घेणे, बाजाराचा हिशेब त्याला करू देणे, त्याच्याशी भरपूर बोलणे, झोपेची व अभ्यासाची वेळ सांभाळणे आणि घरकामासाठी शाळा बुडू न देणे ही कामे ते करू शकतात. गोंडी, कोरकू, भिली किंवा वारली बोलणाऱ्या घरांतील पालकांनी आपल्या भाषेतील गोष्टी, गाणी आणि रानाचे ज्ञान वर्गात आणल्यास परिसर अभ्यासासारखा विषय मुलाला परका वाटत नाही व घरची भाषा आणि शाळेची मराठी यांतील अंतर कमी होते. शाळापूर्व तयारीच्या अलीकडच्या राज्यव्यापी मोहिमेत पहिलीत दाखल होणाऱ्या मुलांसाठी गावोगावी मेळावे भरवून मातांचे गट तयार करण्यात आले आणि घरातील वस्तू वापरून करायच्या कृती त्यांना देण्यात आल्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील समग्र प्रगतिपत्रकाच्या कल्पनेतही शिक्षकांबरोबर पालकांच्या निरीक्षणांना स्थान आहे.

परिणाम आणि मर्यादा

समिती कागदावर स्थापन झाल्याने शिकणे सुधारतेच असे नाही. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्तेर द्युफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, गावात शिक्षण समिती आहे हेच अनेक पालकांना ठाऊक नव्हते आणि काही सदस्यांना आपण सदस्य असल्याचेही माहीत नव्हते. सभा घेऊन समितीच्या अधिकारांची माहिती दिल्यावरही सरकारी शाळांच्या कारभारात लक्षणीय फरक पडला नाही. मात्र जेथे गावातील तरुण स्वयंसेवकांना वाचन शिकवण्याची सोपी पद्धत दाखवून वर्ग चालवायला सांगितले, तेथे त्या वर्गांना येणाऱ्या मुलांचे वाचन सुधारले. अधिकारांची माहिती आवश्यक असली तरी ती पुरेशी नसते आणि लोकांना हाती घेता येईल असे निश्चित काम मिळाले की सहभागाला फळ येते, असा निष्कर्ष यावरून निघतो.

महाराष्ट्रातील अडचणीही याच स्वरूपाच्या आहेत. बैठक कामाच्या दिवशी दुपारी ठेवल्यास मजुरी करणाऱ्या पालकाचा रोज बुडतो, म्हणून तो येत नाही आणि सुस्थितीतील मोजकेच पालक उरतात. महिलांसाठी जागा राखीव असूनही त्यांच्या वतीने पती बोलतात. इतिवृत्त आधीच लिहून घरोघरी सह्या घेण्याची वाईट प्रथा काही ठिकाणी आढळते. आणि सभेत पालकांना बोलावले जाते ते प्रामुख्याने वर्गणी मागण्यासाठी किंवा मुलाच्या तक्रारी ऐकवण्यासाठी. संध्याकाळची वेळ, वस्तीजवळची जागा, मागील निर्णयांचा आढावा आणि मुलांचे प्रत्यक्ष वाचन-गणित पालकांसमोर घेणे या साध्या बदलांनी उपस्थिती व चर्चेचा दर्जा वाढू शकतो.

पालक-सहभागाची दुसरी मर्यादा तत्त्वाची आहे. रिक्त शिक्षकपदे भरणे, इमारत सुरक्षित ठेवणे आणि पुस्तके वेळेवर पोचवणे ही शासन व स्थानिक प्राधिकरण यांची जबाबदारी असून ती लोकसहभागाच्या नावाखाली पालकांच्या खिशावर टाकल्यास ऐपतदार गावांच्या शाळा सुधारतात आणि गरीब वस्त्यांच्या मागे राहतात. त्यामुळे पालक-सहभागाचे यश जमलेल्या वर्गणीवरून किंवा सभेच्या पटावरील सह्यांवरून मोजता येत नाही. पालकाला आपल्या मुलाच्या शिकण्याविषयी नेमका प्रश्न विचारता येतो का आणि त्याचे उत्तर देणे शाळेला भाग पडते का, हाच त्याचा खरा निकष होय.